कनातीमागची उस्तानी

उस्तानीनं माझं नाक दोनदा फोडलं आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. पहिल्यांदा चेंडू येताना मी डोळे मिटले. दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले, पण तोंडही उघडं ठेवलं. म्हणजे शेजारणीशी गप्पा मारत होते. त्या काळी बास्केटबॉलचा चेंडू कातड्याचा असायचा, आत रबरी फुगा आणि वरून बुटासारखी वादी ओवलेली. ती वादी नाकाच्या हाडावर नेमकी बसली की दिवसाढवळ्या काजवे दिसतात. मी पदर नाकाला लावून खाली बसले, तर उस्तानी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रगत पूस आणि ऊठ. तुझं नाक फुटलं, चेंडू न्हाई फुटला."

हैदराबाद संस्थानच्या शाळा-कॉलेजांत शिकवणाऱ्या मुसलमान बाईला उस्तानी म्हणत. गुलबर्ग्याच्या आमच्या कॉलेजात मुलींचा वेगळा जनाना विभाग होता आणि तिथं उस्तान्या चार-पाच होत्या, पण नुसतं 'उस्तानी' म्हटलं की ती हीच, मुलींना बास्केटबॉल शिकवणारी. तोंडावर आम्ही 'जी उस्तानी' म्हणायचो आणि पाठीमागं एकेरीवर यायचो. ती सवय अजून सुटलेली नाही, म्हणून इथंही एकेरीच लिहिते. अंगानं उंच, हाडापेरानं थोराड, डाव्या भुवईवर जुन्या खोकेची खूण. बुरख्यात यायची, मैदानात शिरली की बुरखा बांबूला अडकवायची, ओढणी कमरेला करकचून बांधायची आणि शिट्टी दातांत धरायची. ती उदगीरकडची असल्यानं तिची मराठी आमच्या भालकीकडच्या मराठीची सख्खी बहीण होती. "अगं, पळायलीस का वरातीत चालायलीस?" असं ती ओरडली की माझी आईच ओरडल्यासारखं वाटायचं. फक्त आईच्या हातात चेंडू नसायचा.

मैदानाला चारी बाजूंनी कनाती लावलेल्या असत, म्हणजे जाड कापडाच्या उंच भिंती, पुरुषांची नजर आत पडू नये म्हणून. पण नजर ती नजर. गावातले टगे चाकूनं भोकं पाडून डोळा लावून बसायचे. एकदा खेळ चालू असताना उस्तानीला कनात एका जागी फुगलेली दिसली. तिनं शिट्टी न वाजवता माझ्या हातातला चेंडू घेतला, चार पावलं पुढं गेली आणि त्या फुगवट्यावर असा हाणला, की बाहेरून बोंब ऐकू आली. पोराचे पुढचे दोन दात पडले. पोरगा एका बड्या हाकिमाचा निघाला. चौकशी बसली. मुलाला चेंडू का मारला, असं विचारल्यावर ही बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, मी कनातीला मारला. त्यानं कनातीला तोंड कामून लावलं, ते त्याला विचारा." चार महिने तिला घरी बसवलं. परत आली त्या दिवशी आम्ही रडायला लागलो, तर तिनं आधी कनातीची भोकं शिवायला सुई-दोरा मागवला.

तिची एक कसरत होती. आम्ही पाचजणी तिच्याकडं पाठ करून उभ्या राहायचो. ती नाव घेऊन हाक मारायची आणि हाकेबरोबरच चेंडू सोडायची. जिचं नाव, तिनं 'जी उस्तानी' म्हणत म्हणतच वळायचं आणि चेंडू छातीपुढं झेलायचा. आधी वळून मग बोलायला गेलं की उशीर झालेला असे आणि चेंडू कानशिलात बसे. तोंडानं ओ दिली की अंग आपोआप वळतं, असं तिचं म्हणणं. "मला दुसऱ्यांदा हाक मारायला लावली, तर ती पोरगी मेली असं मी समजते," असं ती बजावायची. रोज अशा शे-दीडशे हाका. ते अंगात इतकं मुरलं, की हॉस्टेलात जेवताना कुणी 'गोदा' म्हटलं तरी माझ्या तोंडून 'जी उस्तानी' निघून हात वर यायचे. एकदा वरणाची वाटी शेजारणीच्या मांडीत गेली. सुट्टीत घरी गेले तेव्हा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मागून हाक मारली तर त्यांनाही मी हेच उत्तर दिलं. आप्पा आईला म्हणाले, "पोरगी शिकायलीया का पलटणीत भरती झालीया?" आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

भुवईवरची खूण नवऱ्याची. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी त्यानं तांब्या फेकून मारला. तोच तांब्या उचलून तिनं त्याच्या डोक्यात घातला आणि भावाकडं निघून आली. भाऊ देवमाणूस. त्यानं तिला आधी हैदराबादेत शिकवलं, मग मद्रासेला वर्षभर कसरतीच्या शिक्षणाला पाठवलं. बास्केटबॉल तिनं तिथून आणला. पहिली नोकरी बीदरला लागली, ती मुली उड्या मारतात म्हणून पालकांनी ओरड केल्यावर गेली. दुसऱ्या गावी रिंगखाली पडून एका मुलीचा हात मोडला, तिथूनही काढलं. मग दोन वर्षं अर्ज आणि हेलपाटे केले, तेव्हा गुलबर्गा मिळालं. ती आपलं दुःख सांगत बसणारी बाई नव्हती. एकदाच, चेंडूची वादी आवळता आवळता म्हणाली, "मला नवरा न्हाई, लेकरू न्हाई. ही नोकरी काढून घेतली तर मी कोण? भावाच्या दारची एक बाई." आणि वादीची गाठ दातांनी ओढली.

हैदराबादेत कॉलेजांच्या मुलींचे सामने होते. पंच पुरुष होता आणि उस्तानी पडद्यातली, त्यामुळं तिला मैदानात उभं राहता येईना. ती आतल्या कनातीमागं बसली आणि नुसत्या चेंडूच्या आवाजावरून खेळ ऐकू लागली. मधल्या सुट्टीत आम्ही तिच्याकडं गेलो तर म्हणाली, "डावीकडून चेंडू आपटल्याचा आवाजच येईना. तिकडं कोण झोपलीया?" डावीकडं मीच होते. त्या शहरी मुलींच्या पायात बूट, आम्ही अनवाणी. त्यांनी आमची बोटं चिरडली, आम्ही कोपरं चालवली. माझं कोपर एकीच्या ओठावर बसलं आणि तिचं तोंड रक्तानं भरलं. मी वाकून तिला हात दिला, तेवढ्यात त्यांच्यातल्या दुसरीनं चेंडू रिंगेत टाकला. तेवढ्यानंच आम्ही हरलो. कनातीमागं गेल्याबरोबर उस्तानीनं माझ्या थोबाडीत दिली. मग परतीच्या गाडीत माझा पाय मांडीवर घेऊन करडीचं तेल चोळत बसली, उखडलेलं नख कातरीनं कापलं, आणि गुलबर्गा येईपर्यंत मला शिव्या देत राहिली. माझ्यावर इतका जीव लावणारं आणि इतकं मारणारं दुसरं माणूस मला आयुष्यात भेटलं नाही.

मग अठ्ठेचाळीसचं साल आलं. संस्थान भारतात जाऊ नये म्हणून उठलेल्या मुसलमानांच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्या गावात माझ्या धाकट्या चुलत्यांना चावडीपुढं गोळी घातली. त्यांचा एकुलता एक मुलगा नागूअण्णा बापाला खांद्यावर टाकून घरी घेऊन आला आणि त्यानंतर कित्येक दिवस कुणाशी बोलला नाही. इकडं गुलबर्ग्यात एक दिवस तसलीच टोळी आमच्या हॉस्टेलच्या दाराशी आली. हिंदू मुलींना बाहेर काढा म्हणाली. उस्तानी बुरख्यानिशी दारात उभी राहिली. म्होरक्या वीस-बावीसचा पोर होता. तिनं आधी त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं आणि मग कानफटात मारली. त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं तिच्या दोन फासळ्या मोडल्या. आरडाओरडा ऐकून मोहल्ल्यातली माणसं धावली, म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी छातीला पट्टा आवळून ती उभीच होती. ज्या मुलीचा बाप न्यायला येईल त्याच्या हातात तिचा हात देऊन मगच सोडायची. आप्पांना म्हणाली, "सांभाळा हिला. माझी डावी बाजू हाय ही."

पोलीस ॲक्शन झाली, भारताची फौज संस्थानात शिरली आणि चार दिवसांत वारं फिरलं. बंदुका घेऊन फिरणारे पळाले. मागं राहिले ते विणकर, गाडीवान, बांगड्या विकणारे, म्हातारेकोतारे. आता आमच्या माणसांनी कुऱ्हाडी उचलल्या आणि जो मुसलमान हाती लागेल त्याला कापत सुटले. विहिरी प्रेतांनी भरल्या. हे मी ऐकलेलं सांगत नाही. आमच्या शेताच्या वाटेवरच्या विहिरीचं पाणी पुढं दोन वर्षं कुणी प्यायलं नाही.

अशात एका सकाळी आमच्या मागच्या दाराशी उस्तानी उभी होती. बुरखा नाही, पाय काट्यांनी फाटलेले. गुलबर्ग्यातून ती भावाच्या गावी गेली होती. तिथं भाऊ उरला नव्हता, घरही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "गोदा, पाणी दे." आईनं तिला कडब्याच्या खोलीत लपवलं. नागूअण्णा तेव्हा एका टोळक्याबरोबर बाहेरच असायचा. त्याच्या आईलासुद्धा आम्ही पत्ता लागू दिला नाही. अकरा दिवस ती तिथं होती. गंजीआड बसून आईला लसूण सोलून द्यायची. नमाज बसूनच पढायची, उभी राहिली तर वरच्या झरोक्यातून डोकं दिसेल म्हणून.

ती वाचली असती. पण आप्पा भालकीच्या बाजाराहून एक बातमी घेऊन आले. नव्या अंमलदारांचा हुकूम निघाला होता, की कॉलेजच्या सगळ्या नोकरांनी येत्या सोमवारपर्यंत हजर व्हावं, नाहीतर जागा रिकामी धरली जाईल. हे सांगितल्याचा आप्पांना पुढं जन्मभर पस्तावा झाला. उस्तानी लसणाचं सूप बाजूला ठेवून उठली.

आप्पा म्हणाले, "बाई, नोकरी गेली तर जाऊ द्या. जीव ऱ्हायला तर बक्कळ नोकऱ्या भेटतील."

"तीनदा घरी बसवलंय मला, आप्पा," ती म्हणाली. "दरवेळी कुणीतरी काढलं म्हणून गेली. आता मीच गेली न्हाई म्हणून जाऊ द्यायची व्हय?"

पुष्कळ सांगून पाहिलं. आई रडली. शेवटी आईनंच पेटीतलं आपलं इरकली लुगडं काढलं, तिला नेसवलं, हातात बांगड्या चढवल्या. कुंकू लावताना आईचा हात थांबला. उस्तानीनं स्वतःच कपाळ पुढं केलं. "लावा अक्का. तुमच्या हाताचं हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी बैलगाडी जुंपली. भालकीच्या स्टेशनापर्यंत पोचवायचं, तिथून पुढं फौजेचा पहारा असलेल्या गाडीनं ती जाणार होती. बरोबर मुलगी असली की संशय येणार नाही म्हणून मीही निघाले. मी बैलांकडं तोंड करून बसले होते, ती माझ्यासमोर, मागच्या वाटेकडं तोंड करून. ओढ्याच्या उतारावर दहा-बारा माणसांनी गाडी अडवली. त्यांत नागूअण्णा होता. हातात कुऱ्हाड.

"काका, कुठं निघालाव? आणि ह्या कोण?"

"माझी मेहुणी. निंबर्ग्याची," आप्पा म्हणाले. "टेसनावर सोडायलोय."

नागूअण्णानं तिच्याकडं निरखून पाहिलं. "कधी बघितलं न्हाई मावशीला."

"कसं बघशील बाबा?" उस्तानी म्हणाली. "तुझ्या बारशाला आल्ते मी. तवा तू डोळेच उघडत न्हवतास." आवाजात कापरं नाही, काही नाही. टोळकं हसलं. नागूअण्णासुद्धा हसला, बाप गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "जाऊ द्या रे," म्हणाला आणि बाजूला झाला.

गाडी हलली. चाकं ओढ्याच्या वाळूत रुतली, बैल अडले. मागं उभ्या असलेल्या एका टारगट पोरानं बैल बुजून पळावेत म्हणून धोंडा भिरकावला. वाईट हेतूनं नव्हे, मजेनं. तो धोंडा सरळ माझ्या डोक्याच्या मागं येत होता आणि तो फक्त उस्तानीला दिसला.

"गोदा!"

मैदानातला आवाज होता तो. मी वळले, धोंडा छातीपुढं दोन्ही हातांत झेलला, आणि वळता वळता माझ्या तोंडून निघून गेलं, "जी उस्तानी!"

धोंडा माझ्या हातातच होता. मला वाटत होतं, कुणी ऐकलं नसेल.

"काय म्हणलीस?" नागूअण्णानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं. आप्पांना दोघांनी चाकाला दाबून धरलं. उस्तानी लढली. एकाच्या तोंडावर तिचं कोपर बसलं, त्याचं नाक फुटलेलं मी पाहिलं. दुसऱ्याची काठी तिनं हिसकावून घेतली. मोडलेल्या फासळ्या अजून धड सांधल्या नव्हत्या, त्यांवरच कुऱ्हाडीचा दांडा बसला आणि ती गुडघ्यावर आली. मी नागूअण्णाच्या मनगटाचा चावा घेतला, त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. तो ओरडला, "गोदे, तू कामून मधी यायलीस? माझ्या बापाला कुणी मारलं, इसरलीस व्हय?" मी म्हटलं, "हिनं न्हाई मारलं! अण्णा, हिनं न्हाई मारलं!" त्यानं मला झटकून दिलं. उस्तानी वाळूतून म्हणाली, "आप्पा, पोरीचं तोंड तिकडं फिरवा." ते तिचं शेवटचं बोलणं. आप्पांचे हात धरलेले होते. माझं तोंड फिरवायला कुणी नव्हतं. मी सगळं पाहिलं. किती घाव घातले, तेही मला माहीत आहे, पण ते मी लिहिणार नाही.

दुपारी आप्पा आणि मी खोरं घेऊन परत गेलो. वाळू उकरलेली होती, वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या आणि ती कुठं आहे ते कळत नव्हतं. आठ दिवसांत ओढ्याला पूर आला.

वर्षाभरानं कॉलेज नीट चालू झालं. मुलींचा बास्केटबॉल पुन्हा सुरू करायचा होता आणि सबंध जिल्ह्यात तो येणारी बाई मिळेना. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी आप्पांबरोबर कचेरीत गेले. कारकुनानं जुनं सेवापुस्तक काढून पुढं ठेवलं. त्यात मी उस्तानीचं पूर्ण नाव पहिल्यांदा वाचलं, मेहरुन्निसा बेगम. त्याखाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'रजेविना गैरहजर. सबब बडतर्फ.'

कारकून सज्जन होता. म्हणाला, "जागा पुन्हा भरायला एक जबाब लागतो. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. त्या कुठं गेल्या, काही माहिती?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. नागूअण्णाचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची आई, माझी विधवा काकू, रोज सकाळी आमच्याकडून ताक घेऊन जायची. मी सांगितलं असतं तर तो फासावर गेला असता. कदाचित गेलाही नसता. त्या दिवसांत असल्या खुनांची फारशी चौकशी होत नव्हती. पण मी सांगू शकले असते, हे खरं. ओढ्यावर माझ्या तोंडून जे गेलं ते माझ्या हातात नव्हतं. त्याबद्दल मी रडले, पण स्वतःला दोष दिला नाही. कचेरीत मात्र मला विचार करायला पुष्कळ वेळ होता. खुर्ची होती, पंखा होता, पाण्याचा पेला होता.

मी म्हटलं, "नाही. काही माहिती नाही." आणि सही केली.

तिच्या जागेवर मी एकोणतीस वर्षं काढली. माझ्या मुली संस्थान विलीन झाल्यावरच्या नव्या राज्यात चांगल्या खेळल्या, दोघी-तिघी पुढं स्वतः शिकवू लागल्या. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी म्हणालं, की या भागात मुलींचा बास्केटबॉल बाईंनी आणला. मी हार घातलेल्या गळ्यानं खाली बघत बसले आणि तेही खोडून काढलं नाही. आता नागूअण्णा नाही, आप्पा नाहीत, काकू नाही. लाज झाकायला मला कुणाची आड उरलेली नाही. म्हणून तो जबाब आज बदलते. मेहरुन्निसा बेगम गैरहजर नव्हत्या. त्या सोमवारच्या आत कामावर हजर व्हायला निघाल्या होत्या. वाटेत त्यांना आम्ही मारलं.